मावशीच्या फोनवर येणारे कोड

माझी मावशी कोणावरही विश्वास ठेवत नाही. दूधवाल्यानं पिशवी दिली की आधी पिशवीवरची तारीख बघते, मग दूधवाल्याचं तोंड. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या तर तिथल्या तिथे विचारते, "तुमच्या आईला दिल्या असत्या का हो ह्याच?" एकदा एक डॉक्टर खरंच विचारात पडला आणि त्यानं एक गोळी खोडली. तेव्हापासून तर तिला कोणी अडवूच शकत नाही.

लग्न केलं नाही तिनं. का, म्हणून विचारलं तर म्हणते, "एक स्थळ आलं होतं. मुलगा फार गोड बोलायचा. मला संशय आला." विषय संपला.

आणि अशा बाईवर यंदा सगळ्या शाळेनं संशय घेतला. ती पोरांच्या कॉलेजच्या जागा विकते म्हणून. गल्लीतही तेच, किराणावाल्याकडेही तेच. अजूनही दोनचार जण तोंड वाकडं करून बोलतात. त्यांच्यासाठी सांगते, नीट ऐका.

माझी आई दुसऱ्या गावी कामाला असते, म्हणून मी लहानपणापासून मावशीकडे. मावशी इथल्या मोठ्या शाळेत कॉम्प्युटर रूममध्ये मदतनीस आहे. शिकवणारे सर वेगळे. मशीन चालू करायची, धूळ पुसायची, उंदरानं कुरतडलेली वायर शोधायची, ते काम हिचं. मी त्याच शाळेत होते, अकरावीत सोडली. मला एका जागी बसवत नाही, त्यात कोणाचा दोष नाही. आता स्कूटरवरून पार्सलं पोचवते, आणि दिवसभर कोणी मला 'खाली बस' म्हणत नाही. मावशी मला भिंगरी म्हणते.

बारावीच्या पोरांचे कॉलेजचे अर्ज भरणं हे काही मावशीचं काम नाही. ते तिनं अंगावर ओढून घेतलं. आधी पोरं अर्ज घरी भरायची. घरी म्हणजे बापाच्या फोनवर, बाप जेवायला बसला की तेवढ्यात. नाहीतर चौकातल्या दुकानात. तिथला माणूस मागची रांग बघून धडाधड बटणं दाबायचा. एका पोरीचा अर्ज त्यानं असा भरला की तिला मुलांच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली. मावशीनं हे ऐकलं आणि थेट हेडसरांकडे गेली. म्हणाली, "अर्ज शाळेत भरायचे. शाळेच्याच वेळात, सकाळी, साईट जड व्हायच्या आधी. मार्कशीट इथे, शिक्का इथे, सही करणारे तुम्ही इथे. मग पोरं बाहेर कशाला जातात?"

"तास बुडतील," हेडसर म्हणाले.

"बुडू द्या. पुस्तक कुठे पळून जात नाही. साईट पळते."

फिजिक्सच्या सरांचा तास गेला. ते अजून तिच्याशी बोलत नाहीत. चहा पितानासुद्धा तिच्याकडे पाठ करून उभे राहतात.

तिची पद्धत बघण्यासारखी आहे. दोन कपाटांच्या मधे तिनं पांढरी चादर ताणून बांधली आहे, फोटोसाठी. एक काळा कोट आहे, तो शिपाईमामांच्या लग्नातला. सगळी पोरं तोच घालून फोटो काढतात. बारीक पोरांना मागून चिमटे लावतात, जाड्या पोरांचा कोट मागून उघडाच असतो, समोरून सगळे साहेब. मग जोडी लावायची. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं मार्कशीट धरून मोठ्यानं वाचायचं. स्वतःचा अर्ज स्वतः तपासायचा नाही. "आपलं नाव आपल्याला पाठ असतं," ती म्हणते, "म्हणून चुकलं तरी बरोबर दिसतं." आणि जोडीत मैत्रीण-मैत्रीण चालत नाही. ज्यांचं पटत नाही अशी दोन पोरं शेजारी बसवते. दुसऱ्याची चूक शोधायला त्यांच्याएवढं उत्साही कोण?

कॉलेजच्या रंगीत पुस्तिकांवर तर तिचा काडीचा विश्वास नाही. फोटोत झाड दिसलं की म्हणते, "हे झाड दुसरीकडचं आहे." ती कॉलेजच्या ऑफिसला फोन करत नाही, गेटवरच्या वॉचमनला करते. ऑफिसवाले पगारासाठी बोलतात, वॉचमन कंटाळा आला म्हणून बोलतो. पाणी किती वाजेपर्यंत येतं, पोरं रडतात का, मास्तर सुट्टीवर जास्त असतात की कामावर, सगळं वॉचमनकडून काढून घेते.

आता मुख्य भानगड. अर्जाची साईट उघडायची तर फोनवर कोड येतो. काहीही बदलायचं तर परत कोड. तो थोडा वेळ जिवंत असतो, मग मरतो. आता शाळेत पोरांना फोन आणायला बंदी. घरी फोन एकच, तोही सकाळीच कोणाच्या तरी खिशात बसून कामाला गेलेला. मग कोड येणार कुठे? बाप मालाच्या ट्रकवर, कोड त्याच्या खिशात, पोरगं इथे मशीनसमोर. पहिल्या वर्षी असे कितीतरी अर्ज अडकले. तेव्हा मावशीनं स्वतःचा नंबर टाकायला सुरुवात केली. ज्याच्या घरचा फोन बाहेर जातो त्याच्या अर्जावर तिचा नंबर. कोड तिच्या फोनवर यायचा, ती खुर्चीवरून ओरडायची, "कोणाचा रे हा? पाच, शून्य, दोन..." आणि कोपऱ्यातून कोणीतरी "माझा, माझा!" करायचं.

हे सगळ्यांना माहीत होतं. हेडसरांना पण. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. काम होत होतं ना.

यंदा मला वाटायला लागलं.

आधी फोन. मावशीचा फोन म्हणजे घरात कुठेही पडलेला, कणकेचे हात लागलेला. यंदा तो तिच्या उशीखाली गेला. वाजला की ती बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. आमच्याकडे पाणी वाया घालवलं तर ती मला फोडून काढते, आणि स्वतः नळ सोडून उभी! मी विचारलं, "कोण होतं?"

"शाळेतलं."

"शाळेतलं माणूस नळाखाली ऐकू येतं का?"

"तू तुझी स्कूटर पूस."

मग ती पांढरी गाडी. मी पार्सल टाकून येत होते, तर आमच्या गल्लीच्या अलीकडच्या वळणावर पांढरी गाडी थांबली आणि त्यातून कोण उतरलं? मावशी. दारापर्यंत नाही, अलीकडेच. गाडीवाल्यानं खिडकीतून हात हलवला. हिनं नाही हलवला, पण मान डोलावली. तो माणूस मला ठाऊक होता. शहराबाहेर नवीन खाजगी कॉलेज निघालंय, त्यांच्यासाठी तो पोरं गोळा करतो. शाळेच्या गेटवर पेनं वाटतो. पेनावर कॉलेजचं नाव, आणि पेन दुसऱ्या दिवशी बंद पडतं.

मनात पाल चुकचुकली. घरी आल्यावर तिला मुद्दाम विचारलं, "चालत आलीस?"

"मग काय उडत?" म्हणाली.

खोटं. माझ्या तोंडावर. मला रात्रभर त्या पेनाचीच आठवण.

तिसरी गोष्ट शाळेतच दिसली. माझ्याकडे हेडसरांच्या नावाचं पार्सल होतं. ते देऊन मी मधल्या सुट्टीत कॉम्प्युटर रूमकडे वळले. दार बंद. मधल्या सुट्टीत ते दार कधी बंद नसतं, पोरं चादरीपुढे उभी राहून फोटो काढायला भांडत असतात. मी खिडकीतून बघितलं. आत मावशी आणि शिडी.

शिडी म्हणजे ग्रीलवाल्याचा पोरगा. खरंच शिडी आहे, ट्यूबलाइट बदलायला शिपाईमामा त्यालाच बोलावतात. घरचं खिडक्यांचे ग्रील बनवायचं दुकान. वेल्डिंग करून करून बापाचे डोळे गेल्यात जमा आहेत, आता शिडी शाळेतून सुटला की कटिंगला बसतो. दुकान खरं चालवते त्याची आई, ग्रीलवाली. उधारी मागायला ती दारात उभी राहिली की माणसं मागच्या दारानं पळतात.

तर शिडी मावशीचा फोन कानाला लावून कोणाशी तरी बोलत होता. हळू, तोंडावर हात ठेवून. मावशी दाराकडे लक्ष ठेवून. मी खिडकीवर टकटक केली तर दोघं असे दचकले की जणू तिजोरीच फोडत होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"अर्ज," मावशी म्हणाली.

"फोनवर अर्ज?"

शिडी माझ्या डोक्यावरून बाहेर निघून गेला. त्याला ते सोपं आहे.

मग यादी लागली. कोणाला कोणतं कॉलेज ते शाळेच्या फळ्यावर आलं आणि संध्याकाळी आमच्या दारावर अशी थाप पडली की कडीच हलली. ग्रीलवाली. मागे गल्लीतली तीनचार माणसं, फुकटचा तमाशा बघायला.

"बाहेर या बाई! बाहेर या, तुमचं तोंड बघू द्या मला!"

मावशी अजून शाळेतून आली नव्हती. मी दारात उभी राहिले. "काय झालं काकू?"

"काय झालं विचारते! माझ्या पोराचं पहिलं नाव गावातल्या कॉलेजचं होतं. मी स्वतः त्याच्या शेजारी बसून ठरवलं होतं. आणि लागलंय कुठे? पार तिकडे डोंगरात, वनशास्त्र की काय म्हणे! झाडं मोजायला! अर्जातली कॉलेजांची यादी बदलली कोणीतरी. बदलायला कोड लागतो ना? कोड कोणाच्या फोनवर येतो? सांग!"

"शिडी काय म्हणतो?"

"त्याला काही माहीत नाही. रडतोय घरी. पोरगं भोळं आहे माझं."

पोरगं भोळं. मला खिडकीतला तो फोन आठवला, तोंडावर धरलेला हात आठवला. पण मी असं काही बोलणार होते का बाहेरच्यांसमोर? अजिबात नाही.

"माझ्या मावशीचं नाव जपून घ्या," मी म्हणाले. "तिनं तुमच्या पोराला फुकट अर्ज भरून दिलाय."

"फुकट! फुकट कोण देतं गं आजकाल? पांढऱ्या गाडीतून कोण उतरतं ते सगळ्या गल्लीनं पाहिलंय."

मागून एक जण खाकरला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं खाकरणं गिळलं.

"पांढरी गाडी त्या नव्या कॉलेजची आहे," मी म्हणाले. "तुमचा पोरगा डोंगरात लागलाय. विकायचाच होता तर त्याला तिकडे कशाला पाठवेल?"

हे माझ्या तोंडातून निघालं तेव्हा मलाच नवीन होतं. खरंच की. पण ग्रीलवाली ऐकायला आलीच नव्हती. "उद्या हेडसरांसमोर बोलू," म्हणाली. "उद्या जागा घ्यायची शेवटची तारीख आहे. मी नको म्हणून कळवणार, दुसऱ्या फेरीत गावातलं कॉलेज घेणार, आणि तुझ्या मावशीला त्या खोलीतून बाहेर काढणार."

मावशी आली तेव्हा मी दिवासुद्धा लावला नव्हता. सगळं सांगितलं. ती चप्पल काढता काढता थांबली, मग काढली.

"गाडीत का बसलीस?" मी विचारलं. "खरं सांग. मला खोटं बोललीस ना, ते मला जास्त लागलंय."

ती खाली बसली, गुडघा दाबत. "गुडघा दुखत होता आणि तो सोडतो म्हणाला. आणि त्याला नवीन मशीनं द्यायची होती. रूमला. आपली मशीनं मरायला टेकलीत, तुला माहीत आहे. बदल्यात फक्त पोरांच्या घरचे फोन नंबर द्या म्हणाला."

"मग?"

"मग काय. बसून ऐकत राहिले. चार दिवस ऐकत राहिले. नळ सोडून." तिनं माझ्याकडे बघितलं. "मोह झाला गं. नाही दिले नंबर. काल त्याला सांगितलं, परत फोन केलास तर तुझी पेनं लिहीत नाहीत ते मी गेटवर बोर्ड लावून सांगेन."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. अजून एक बाकी होतं. "आणि शिडी? यादी तू बदललीस?"

"नाही."

"मग कोणी? त्यानंच ना? तुझ्या रूममध्ये बसून, तुझ्याकडून कोड घेऊन?"

मावशी उठली आणि भांडी लावायला लागली. आधीच लावलेली भांडी.

"अगं, तो घरी सांगतोय मला काही माहीत नाही! तुझ्या गळ्यात सगळं घालून मोकळा झाला तो! एक वाक्य बोल हेडसरांसमोर, सुटशील."

"ते वाक्य माझं नाही," ती म्हणाली. "मी त्याला दहादा सांगितलं, घरी बोल. हो हो म्हणाला. घाबरला. आता मी त्याच्या आईसमोर त्याला उघडा पाडला तर जागाही जाईल आणि पोरगाही. ती त्याला तिथून कान धरून नेईल. त्यानं बोलायला पाहिजे."

"आणि नाही बोलला तर?"

"तर मी धूळ पुसायला दुसरी खोली बघेन."

मी चिडून बाहेर गेले. पण एक गोष्ट मनात येत राहिली. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यात आधी हिलाच कळलं होतं, कारण ती तिथेच असते. हिनं माझ्या आईला फोन केला नाही. मला म्हणाली, "तूच सांग. मी सांगितलं तर ती माझ्याशी भांडेल आणि तू मोकळी सुटशील." मला सांगायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस आईचा रोज फोन यायचा आणि मावशी आईशी फक्त भाजीबद्दल बोलायची. हे लपवलं म्हणून नंतर आई तिच्याशी वर्षभर धड बोलली नाही. ही अशीच आहे. दुसऱ्याच्या तोंडातला घास आपण गिळणार नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं आपण बोलणार नाही.

मला ही पद्धत पटत नाही, मी सांगून टाकते. शिडी बोलेल यावर माझा शून्य विश्वास होता. सकाळी उठल्या उठल्या मी ठरवलं, तो नाही बोलला तर मी बोलणार, मग मावशी मला घराबाहेर काढो.

हेडसरांच्या खोलीत ग्रीलवाली आधीच बसलेली. मांडीवर पर्स घट्ट धरून, दारात उधारी मागायला उभी राहते तशीच, फक्त बसून. शिडी भिंतीला टेकलेला, वाकून, जणू उंची लपवत होता. मावशी उभी. मी मागून आत शिरले.

"तू कशाला?" हेडसर म्हणाले.

"मावशीबरोबर आहे."

"शाळेत होतीस तेव्हा बोलावलं तरी यायची नाहीस. आता घालवलं तरी जात नाहीस."

"तेव्हा काम नव्हतं सर."

त्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि मावशीकडे वळले. "फोन टेबलावर ठेवा बाई." मावशीनं ठेवला. "तुम्ही याची यादी बदलली?"

"नाही."

"मग कोणी बदलली माहीत आहे?"

मी शिडीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडलं, आणि मावशीनं मागे न बघता माझा हात असा पकडला की बोटं आवळून पांढरी पडली.

"बघा," ग्रीलवाली म्हणाली. "बोलत नाहीत. खोटं तोंडातून निघत नाही म्हणून गप्प आहेत. मला यांच्याशी घेणं नाही सर. आधी पोराची जागा नको म्हणून कळवा. आज शेवटचा दिवस आहे. मग यांचं काय ते तुम्ही बघा."

हेडसरांनी शिडीला सांगितलं, "जा, शेजारी मशीनवर उघड. 'नको' दाब. कोड आला की आम्ही इथून सांगतो." फोन त्यांनी मावशीपासून लांब, ग्रीलवालीच्या पुढे सरकवला. "कोड तुम्हीच वाचा ताई. म्हणजे शंका नको."

शिडी गेला. कॉम्प्युटर रूमचं दार समोरच, दोन्ही दारं उघडी. त्याची पाठ दिसत होती. तो बसला, आणि बसूनच राहिला. त्या मशीनला उघडायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण इतका नाही. हेडसर पेपरवेट फिरवत होते. फिजिक्सचे सर व्हरांड्यातून उगाचच गेले आणि उगाचच परत आले.

टेबलावर फोन थरथरला.

ग्रीलवालीनं झडप घातली. "आला! आला कोड! लिही रे..."

"आई, थांब."

शिडी दारात उभा होता. पहिल्यांदाच सरळ उभा होता, डोकं चौकटीला लागत होतं.

"मी 'नको' नाही दाबलं," तो म्हणाला. "मी 'घेतो' दाबलंय. त्याचा कोड आहे तो."

हेडसरांच्या हातातलं पेपरवेट थांबलं.

"यादी मी बदलली. बाईंनी नाही. त्या म्हणत होत्या घरी सांग. मी सांगितलं नाही. काल पण खोटं बोललो." तो आईकडे वळला. "त्या वॉचमनशी बोललो मी, तिथल्या एका पोराशी पण बोललो. मला जायचंय आई."

ग्रीलवाली फोन हातात धरून तशीच. मला वाटलं आता ओरडेल. आता फोन आपटेल. मी पुढे सरकले, फोन वाचवायला. फोन मावशीचा होता ना.

ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "आणि कटिंगला कोण बसणार?"

शिडीनं चौकट धरली.

"बापाला दिसत नाही. दांडीऐवजी बोट धरतो तो मशीनखाली. तुला माहीत आहे ना? तुला माहीत असून बदललंस?"

"माहीत आहे."

"मग बोल की! कोण बसणार?"

"मला माहीत नाही आई," शिडी म्हणाला. "हेच तर... म्हणूनच सांगता येत नव्हतं. उत्तर नव्हतं माझ्याकडे."

फोनचा उजेड विझला. हेडसर म्हणाले, "ताई, तो कोड फार वेळ चालत नाही."

"कळतं मला."

ती तशीच बसून राहिली. शिडी वळून मशीनपाशी गेला, बघितलं, आणि तिथूनच म्हणाला, "मेला तो. परत मागवू?"

हा प्रश्न कोणाला होता, सगळ्यांना कळत होतं. मावशीनं माझा हात अजून सोडला नव्हता. ती टेबलाकडे बघत नव्हती, ग्रीलवालीकडेही नाही. खिडकीबाहेर बघत होती, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. एवढी संशयी बाई, पण त्या क्षणी ती कोणाच्याही चेहऱ्याकडे बघायला तयार नव्हती. त्या दोघांच्या मधे आपली नजरसुद्धा नको म्हणून.

ग्रीलवालीनं पर्सची चेन उघडली, बंद केली. मग म्हणाली, "मागव."

फोन थरथरला. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला.

"चार," ती म्हणाली. "नऊ. परत नऊ." थांबली. मला वाटलं संपलं, इथेच थांबणार ही. तिनं नाक पुसलं. "एक. सात. शून्य. शून्य आहे शेवटी, नीट दाब, तुझा हात घसरतो."

पलीकडून बटणांचा आवाज आला. मग शिडी म्हणाला, "झालं."

ग्रीलवालीनं फोन टेबलावर ठेवला आणि उठली. मावशीसमोर येऊन उभी राहिली. माझ्यातला भिंगरीपणा उसळून आला, पण मावशीचं बोट अजून माझ्या मनगटावर होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ग्रीलवाली म्हणाली.

"हो."

"मी रोज दुकानात जाताना तुमच्यासमोरून जाते. एकदा तरी बोलायचं होतं."

"हो," मावशी म्हणाली. "एकदा तरी सुचवायला हवं होतं, पोराशी बोला म्हणून. ते मी केलं नाही."

"मी तक्रार मागे घेणार नाही सर," ग्रीलवालीनं हेडसरांना सांगितलं. "आईबापाला न विचारता दुसऱ्याचा नंबर टाकायचा नाही. माझ्या पोराच्या बाबतीत झालं ते झालं. उद्या खरंच कोणी पांढऱ्या गाडीवाला निघाला तर?"

हेडसरांनी लिहून घेतलं. तिथल्या तिथे ठरलं की मावशीचा नंबर बंद. शाळेचा एक वेगळा फोन ऑफिसात राहील, आणि तो कोणाच्या अर्जावर टाकायचा ते आईबापाच्या सहीनं ठरेल. मावशीला लेखी समज. एवढी वर्षं ज्यांनी ते कोड ओरडलेले ऐकले होते त्याच हेडसरांनी समज लिहिली, आणि खाली सही करताना मान वर केली नाही. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती.

व्हरांड्यात ग्रीलवाली पुढे, शिडी मागे. तिची पर्स आता त्याच्या हातात होती. गेटपाशी पोचल्यावर ती थांबली आणि मागे न बघता तिनं काहीतरी विचारलं. शिडीचं उत्तर मला ऐकू आलं, "हो, असते थंडी. खूप असते." मग ती दोघं रस्त्याला लागली.

मी मावशीकडे वळले. "बघितलंस? सगळं कळलं, पोरगा स्वतः बोलला, तरी तक्रार मागे घेतली नाही तिनं! तुझ्या नावावर डाग तो डागच. माफीचा एक शब्द नाही!"

मावशी कॉम्प्युटर रूमच्या दारात चप्पल काढत होती. आत पुढच्या तासाची पोरं कोटासाठी भांडायला लागली होती.

"कशाला मागे घेईल?" ती म्हणाली. "पोर चाललंय तिचं."